केवढ्याला पडली? : पगारातून घेतलेल्या गाडीचा हिशेब

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी आम्ही लंडनमधल्या डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला गेलो होतो. गाडी लावून आत येतोय तोच ओळखीच्या एका काकांनी गाठलं. "नवीन गाडी? वा! केवढ्याला पडली गं?"

साधा प्रश्न. आपल्याकडे फ्लॅटपासून कोथिंबिरीपर्यंत सगळ्याला विचारतात तसा. पण मी तोंड उघडलं आणि परत मिटलं, कारण माझ्याकडे चार आकडे होते: महिना ५२० पौंड, ३०२ पौंड, ३५८ पौंड आणि ४१८ पौंड. "लीजवर आहे हो," एवढंच पुटपुटले आणि प्रसादाच्या रांगेत घुसले.

हे चार आकडे कुठून आले ते इथे लिहून ठेवते. मी करसल्लागार नाही. रेडिंगमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते आणि एक्सेलवर जरा जास्तच विश्वास ठेवते. आकडे माझे आहेत, इंग्लंडमधल्या २०२५-२६ च्या करवर्षाचे. स्कॉटलंडमध्ये कराच्या पायऱ्या वेगळ्या, त्यामुळे तिकडच्यांनी हे जसंच्या तसं उचलू नये.

सुरुवात झाली फेब्रुवारी २०२५ मध्ये. आमची तेरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक एमओटीत, म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत, नापास झाली. खालून गंज, शिवाय क्लच गेलेला. गॅरेजवाल्याने १,४०० पौंडांचा अंदाज दिला आणि वर सांगितलं, "गाडीची किंमत हजारही येणार नाही." आम्ही जेवढं केल्याशिवाय एमओटी मिळत नाही तेवढंच ३८० पौंडांत करून घेतलं आणि काही महिन्यांची मुदत मिळवली.

पुढच्याच महिन्यात कंपनीची ईमेल आली. सॅलरी सॅक्रिफाइसवर इलेक्ट्रिक गाडी, ४० टक्क्यांपर्यंत बचत. सॅक्रिफाइस म्हटल्यावर मला आधी बोकड आठवतो, पण इथे बळी जातो तो पगाराचा. गाडी कंपनी लीजवर घेते आणि तुम्ही तेवढा पगार करारानेच कमी करून घेता. पगारच कमी झाल्यामुळे त्या रकमेवर आयकर नाही, नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्यासाठीची सरकारी कपात) नाही. लीजमध्ये विमा, सर्व्हिसिंग, टायर, रोड टॅक्स, ब्रेकडाउन सगळं आलं. पुण्यातला भाऊ म्हणाला, "आमच्याकडेही कार लीज असते की." असते, पण नियमांचं गणित निराळं आहे.

गाड्यांच्या यादीत सगळ्या इलेक्ट्रिकच का, हे मला नंतर कळलं. एप्रिल २०१७ पासून असा नियम आहे की किलोमीटरला ७५ ग्रॅमपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणारी गाडी पगार सोडून घेतली, तर सोडलेला पगार किंवा गाडीचं करपात्र मूल्य, यांपैकी जे जास्त असेल त्यावर कर लागतो. म्हणजे पेट्रोल गाडीत करबचत संपलीच. इलेक्ट्रिकला त्यातून सूट आहे, म्हणून हे सगळं दुकान तिच्यावर चालतं.

योजनेच्या वेबसाइटवर मी पगार टाकला: ५६,००० पौंड. मधल्या आकाराची एक हॅचबॅक निवडली, तीन वर्षं, वर्षाला ८,००० मैल. पडद्यावर भलामोठा आकडा आला: महिना ३०२ पौंड. विमा-टायर सगळं धरून! नवऱ्याला ऑफिसमधूनच फोन केला. रात्री जेवणं झाल्यावर त्याने लॅपटॉप ओढला आणि त्या आकड्याशेजारच्या चांदणीवर बोट ठेवलं. खाली बारीक अक्षरांत होतं: मूळ कपात ५२० पौंड; ४० टक्के दराच्या करदात्यासाठी; बेनिफिट इन काइंड कर वगळून.

पहिलं भोक इथेच. पगार ५६,००० म्हणजे मी ४० टक्क्यांच्या पायरीत, असं यंत्राने धरलं. खरं तर ४० टक्के दर लागतो तो ५०,२७० पौंडांच्या वरच्या रकमेलाच. शिवाय माझं पेन्शनही, पगाराच्या ५ टक्के, सॅलरी सॅक्रिफाइसनेच जातं. म्हणजे २,८०० पौंड आधीच वजा आणि करपात्र पगार उरला ५३,२००. रेषेच्या वर फक्त २,९३० पौंड. गाडीसाठी वर्षाला सोडायचे ५२० गुणिले १२, म्हणजे ६,२४० पौंड. त्यातल्या पहिल्या २,९३० वर ४० टक्के कर आणि २ टक्के नॅशनल इन्शुरन्स मिळून ४२ टक्के वाचतात. उरलेल्या ३,३१० वर मात्र २० अधिक ८, म्हणजे २८ टक्केच. एकूण बचत २,१५७ पौंड. हातातून जाणार वर्षाला ४,०८३, महिन्याला ३४० पौंड.

३०२ चे ३४० झाले, आणि अजून बेनिफिट इन काइंड धरलेला नव्हता.

हा बीआयके (ऑफिसात सगळे असंच म्हणतात) म्हणजे कंपनीने दिलेल्या सोयीवरचा कर. गाडीची पी११डी किंमत बघायची. यात यादीतली मूळ किंमत, व्हॅट, जादा सामान आणि डिलिव्हरी येते. नोंदणी शुल्क आणि पहिल्या वर्षाचा रोड टॅक्स येत नाही. घासाघीस करून किती सवलत मिळाली याच्याशी तिला देणंघेणं नाही. आमच्या गाडीची पी११डी ३५,९९५ पौंड. इलेक्ट्रिकला २०२५-२६ मध्ये तिच्या ३ टक्के रक्कम तुमचं उत्पन्न धरतात: साधारण १,०८०. पगार सोडल्यावर मी २० टक्क्यांच्या पायरीत येत असल्यामुळे त्यावरचा कर २१६ पौंड, महिना १८. झाले ३५८.

पण ३ टक्के कायमचे नाहीत. २०२६-२७ मध्ये ४, त्यापुढे ५, आणि २०२८-२९ मध्ये एकदम ७ टक्के. ऑगस्टमध्ये सुरू होणारं तीन वर्षांचं लीज चार करवर्षांना शिवतं, म्हणजे माझा बीआयके महिना १८ वरून २४, ३० आणि शेवटी ४२ होणार. सरासरी २७. हे दर आधीच जाहीर झालेले आहेत, शोधायला पाच मिनिटं लागतात. तरी आमच्या टीममध्ये गाडी घेतलेल्या तिघांपैकी एकालाच माहीत होते.

२ एप्रिलला मी एचआरला पाच प्रश्न एकाच ईमेलमध्ये पाठवले. उत्तर आलं २३ तारखेला, मध्ये दोनदा आठवण करून दिल्यावर. ते प्रश्न तुम्हीही विचारा, आणि उत्तर ईमेलवरच घ्या. चहाच्या मशीनपाशी मिळालेलं "हो हो, काही फरक पडत नाही" हे उत्तर नव्हे.

पहिला पेन्शनचा: कंपनी तिचा वाटा मूळ पगारावर काढणार की कमी झालेल्या? आमच्याकडे मूळ पगारावर, त्यामुळे मी सुटले. माझी एक मैत्रीण एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, फिजिओथेरपिस्ट आहे. तिथे गाडीसाठी सोडलेला पगार पेन्शनच्या हिशेबातूनही जातो. त्यांच्या २०१५ च्या योजनेत दर वर्षीच्या पेन्शनपात्र पगाराचा चौपन्नावा भाग तुमच्या वार्षिक पेन्शनमध्ये जमा होतो. तिने वर्षाला ६,००० सोडले तर त्या एका वर्षापोटी वार्षिक पेन्शन १११ पौंडांनी कमी. तीन वर्षांचे ३३३, आणि तेही निवृत्तीनंतर दरसाल, आयुष्यभर. तिचा स्वतःचा हप्ताही कमी होतो हे खरं, पण तो जमेला धरूनही तिला हे पटलं नाही. तिने गाडी घेतली नाही.

दुसरा प्रश्न मृत्यूनंतरच्या विम्याचा. तोही मूळ पगारावर. तिसरा माझा आगाऊ प्रश्न होता: माझा पगार कमी झाल्यावर कंपनीचाही १५ टक्के नॅशनल इन्शुरन्स वाचतो, त्याचं काय? ६,२४० चे १५ टक्के ९३६. गाडीवर त्यांना भरावा लागणारा १६२ वजा केला तरी पावणेआठशे पौंड उरतात. काही कंपन्या ते कर्मचाऱ्याला देतात. आमची कंपनी ते एका निधीत ठेवते, कुणी नोकरी सोडली तर गाडी परत करण्याचा खर्च भागवायला. बरं. विचारायला पैसे पडत नाहीत.

चौथा प्रश्न बाळंतपणाचा. माझा नव्हे, शेजारच्या डेस्कवरच्या मुलीने विचारायला लावला. पहिले सहा आठवडे मिळणारी मॅटर्निटी पे सरासरी कमाईच्या ९० टक्के असते आणि ती सरासरी कमी झालेल्या पगारावर निघते. मूल होण्याचा विचार असेल तर तारखा मांडून बघा.

पाचवा, नोकरी सोडली तर? कामावरून काढलं तर पहिल्या तीन महिन्यांनंतर विम्यातून भागतं. स्वतः राजीनामा दिला तर पहिल्या वर्षी सहा महिन्यांचं भाडं, दुसऱ्या वर्षी तीन. आणि भाडं म्हणजे ५२०, ३५८ नव्हे. शेवटच्या पगारातून, कर कापल्यानंतरच्या रकमेतून. ३,१२० पौंड. हे वाचून मी एक दिवस लॅपटॉप उघडला नाही.

सगळ्यांसाठीच हे गणित माझ्यासारखं नसतं. आमच्या मजल्यावरची एक बाई वर्षाला १,०४,००० कमावते आणि तिचं दीड वर्षाचं मूल नर्सरीत आहे. एक लाखाच्या वर वैयक्तिक करसवलत हळूहळू काढून घेतात, त्यामुळे त्या पट्ट्यात प्रत्येक पौंडातले ६२ पेन्स जातात. शिवाय आई किंवा वडील, कुणा एकाचंही उत्पन्न एक लाखाच्या पुढे गेलं की नोकरदार पालकांना मिळणारे नर्सरीचे मोफत तासही बंद. सप्टेंबर २०२५ पासून ते नऊ महिन्यांच्या बाळापासूनच आठवड्याला तीस झाले आहेत. तिच्यासाठी ही गाडी जवळजवळ फुकट पडते. फक्त बीआयकेची रक्कम उत्पन्नात परत मिळवली जाते हे ती विसरली होती. काठावर असाल तर ती धरूनच लाखाच्या खाली या.

मला वाटलं, झाला हिशेब. तेवढ्यात एप्रिलच्या शेवटी मी ब्रिस्टलच्या दौऱ्याचा खर्च भरायला बसले.

वर्षातून सात-आठ वेळा मी ब्रिस्टलच्या क्लायंटकडे स्वतःच्या गाडीने जाते. एकूण १,२०० मैल. स्वतःच्या गाडीला कंपनी मैलाला ४५ पेन्स देते, करमुक्त. वर्षाचे ५४० पौंड. सॅलरी सॅक्रिफाइसची गाडी मात्र कागदावर कंपनीची गाडी असते. तिला ४५ पेन्स लागू होत नाहीत, फक्त सरकारने सुचवलेला विजेचा दर मिळतो, घरच्या चार्जिंगला मैलामागे सात-आठ पेन्स. म्हणजे ५४० च्या जागी नव्वदेक पौंड. महिन्याला ३७ पौंडांचं नुकसान, आणि ते एकाही कोटेशनमध्ये दिसत नाही, कारण ते गाडीच्या खर्चात येतच नाही. ते दुसऱ्याच फॉर्ममधून गायब होतं. कामासाठी वर्षाला चार-पाच हजार मैल फिरणाऱ्याने तर गाडीचा रंग निवडण्याआधी हा गुणाकार करावा.

मग मी तीन रकाने केले. विजेचा अंदाज असा: ८,००० मैल, एका युनिटला साडेतीन मैल, म्हणजे २,२८६ युनिटं. त्यातली ८५ टक्के घरी, रात्रीच्या ७ पेन्सच्या दराने: १३६ पौंड. उरलेली १५ टक्के बाहेर, मोटरवेवर, ७५ पेन्सने: २५७ पौंड. एकूण ३९३, महिना ३३. बघा, पंधरा टक्के वीज दोन-तृतीयांश बिल खाते. घरी गाडी लावायला जागा नसेल, सगळं चार्जिंग बाहेरच होणार असेल, तर पेट्रोलच स्वस्त पडण्याची शक्यता आहे. आमच्या ओळखीत एका फ्लॅटवाल्या जोडप्याला ते तीन महिन्यांनी कळलं.

घरच्या चार्जरचे ९४९ पौंड. छत्तीस महिन्यांवर वाटले तर २६. गाडी गेल्यावर चार्जर भिंतीवरच राहील, पण पैसे आत्ता जाणार.

तर पहिला रकाना, नवी गाडी: ३४० अधिक बीआयके २७, वीज ३३, चार्जर २६, आणि ब्रिस्टलचे मिळणारे ८ वजा. ४१८.

दुसरा, जुनी गाडी ओढत राहणं: पेट्रोल ९१, विमा ४३, दुरुस्ती-सर्व्हिसिंग ५०, रोड टॅक्स ३, ब्रिस्टलचे ४५ वजा. १४२. हा आकडा बघून मी गप्प बसले. गंजकी, खडखडती, पण १४२! खरं उत्तर हेच होतं आणि आम्हाला दोघांनाही ते नको होतं. ऑक्टोबरात पुन्हा हजारभर लागतील हेही दिसत होतं.

तिसरा रकाना, १६,००० पौंडांची तीन वर्षं जुनी इलेक्ट्रिक. तीन वर्षांनी ९,००० येतील असं धरून घसारा महिना १९४, अडकलेल्या पैशांवरचं बुडालेलं व्याज ४५, सर्व्हिस-टायर २५, रोड टॅक्स १६ (एप्रिल २०२५ पासून तो इलेक्ट्रिकलाही लागतो, २०२५-२६ मध्ये वर्षाला १९५ होता), वीज आणि चार्जर मिळून ५९, ब्रिस्टलचे ४५ वजा. आणि विमा. माझ्या एकटीच्या नावावर ६०. म्हणजे ३५४, नव्या गाडीपेक्षा ६४ ने स्वस्त. सरळ निकाल.

पण नवऱ्याने इथली ड्रायव्हिंग टेस्ट गेल्या वर्षीच पास केली. भारतीय लायसन्सवर इथे बारा महिनेच चालवता येतं. तो टाळत टाळत चौथ्या वर्षी टेस्टला बसला. त्याचं नाव घातलं की विमा महिना १२०. रकाना ४१४ वर गेला. योजनेच्या विम्यात मात्र त्याचे एक पेन्सही जास्त नव्हते. ४१४ विरुद्ध ४१८, आणि तेही आमच्याकडे १६,००० हाताशी असते तर. नव्हते, वडिलांचं ऑपरेशन जानेवारीत झालं होतं. म्हणून आम्ही नवी गाडी घेतली. पर्यावरण वगैरे आहेच, पण निर्णय झाला तो नवऱ्याच्या विम्यावर.

१९ मे रोजी ऑर्डर दिली. दोघांच्या लायसन्सचा डीव्हीएलए (लायसन्स देणारं सरकारी खातं) शेअर कोड मागतात. लायसन्स क्रमांक, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक आणि पिनकोड दिला की ऑनलाइन मिळतो, पण २१ दिवसच चालतो. मी हुशारीने आधीच काढून ठेवले होते, ते ऑर्डर पुढे सरकेपर्यंत मेले. पुन्हा काढले. व्हिसावर असलेल्या सहकाऱ्यांना एचआरने सही करण्याआधी कंपनीच्या इमिग्रेशन टीमशी बोलून घ्यायला सांगितलं, कारण करारातला पगारच बदलतो. आमचं आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) झालेलं असल्यामुळे तो टप्पा आम्हाला लागला नाही. घराच्या कर्जाचं नूतनीकरण मात्र २०२६ च्या शेवटी आहे. ब्रोकर म्हणाला, काही बँका पे-स्लिपवरचा कमी झालेला पगारच धरतात, म्हणून मूळ पगाराचं आणि गाडीच्या कराराचं पत्र जवळ ठेवा. ते एका फोल्डरमध्ये घालून ठेवलंय.

चार्जर बसवणाऱ्याला मीटरचे आणि फ्यूज बॉक्सचे फोटो पाठवले. त्याने कळवलं, तुमचा मुख्य फ्यूज ६० अँपिअरचा आहे, १०० चा लागेल. तो बदलण्याचं काम वीजजाळ्याच्या कंपनीचं. पैसे पडले नाहीत, पाच आठवडे लागले. म्हणून ऑर्डर दिली त्याच दिवशी मीटरचे फोटो काढा, गाडी आल्यावर नको. जूनमध्ये सुरू करूनही आमचा चार्जर गाडीनंतर नऊ दिवसांनी लागला. तोवर साध्या तीन पिनांच्या केबलवर, रात्रभर लावून पाव-अर्धी बॅटरी.

१४ ऑगस्टला गाडी आली. शेजारी म्हणाला, "दोन आठवडे थांबला असतात तर ७५ ची नंबरप्लेट मिळाली असती." सप्टेंबरपासूनच्या नव्या गाड्यांची ती. मिळाली असती. डिलिव्हरीवाल्याला वीस मिनिटं थांबवून आम्ही चहूबाजूंनी फोटो काढले, चाकांचे जवळून. परत देताना बीव्हीआरएलएच्या (गाड्या लीजवर देणाऱ्या कंपन्यांची संघटना) झीज-नियमावलीने तपासणी होते आणि रिमवरचा ओरखडा कुणाचा हे तीन वर्षांनी कुणाला आठवणार? मग कुंकू काढलं. बॉनेटवर स्वस्तिक काढताना नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता: "हळू, डाग राहिला तर?" नारळ ड्राइव्हवेच्या कडेला फोडला, लिंबं चाकाखाली ठेवली. डॅशबोर्डवरचा गणपती आम्ही ब्लू-टॅकवर बसवलाय, गोंदाचा डाग नको म्हणून. जुनी गाडी ६५० ला गेली.

पहिली कपात सप्टेंबरमध्ये. पे-स्लिप उघडली आणि अठरा पौंडांचा फरक डोळ्यात खुपला. टॅक्स कोड, म्हणजे किती उत्पन्न करमुक्त ते सांगणारा आकडा, १२५७एल चा ११४९एल झाला होता: करमुक्त १२,५७० मधून १,०८० गेले, म्हणजे बीआयके कोडमधून वळता होतोय. ठीक. पण खाली पेरोलमध्येही बीआयकेची वेगळी ओळ होती. आमचं पेरोल हा कर पगारातूनच थेट कापतं, आणि कुणीतरी शिवाय करखात्याला गाडी कळवण्याचा पी४६ कार हा फॉर्मही पाठवला होता. एकाच गाडीवर दोनदा कर. रक्कम छोटी, पण २०२८ मध्ये ती ४२ असती. मी पेरोलला ईमेल लिहिली, माझ्या ऑनलाइन कर खात्यात जाऊन गाडीची नोंद तपासली, आणि नोव्हेंबरच्या पगारात कोड पूर्ववत होऊन जास्तीचे पैसे परत आले. गाडी आल्यानंतरच्या पहिल्या तीन पे-स्लिपा डोळ्यांत तेल घालून वाचा. कोड बदललाय की बीआयकेची वेगळी ओळ आहे, दोन्हींपैकी एकच हवं.

नो-क्लेम्स बोनसचं कुणी सांगत नाही. माझा नऊ वर्षांचा आहे. कंपनीच्या विम्यावर तो वाढत नाही, आणि बऱ्याच विमा कंपन्या दोन वर्षं न वापरलेला बोनस मानत नाहीत. लीज तीन वर्षांचं. जुन्या कंपनीकडून पत्र घेऊन ठेवलंय, उपयोग होईल असं वाटत नाही. हा खर्च कुठल्या रकान्यात घालायचा हे अजून कळलेलं नाही.

डिसेंबरअखेर ३,१०० मैल झाले. थंडीत साडेतीन मैल मिळत नाहीत, तीन-सव्वातीन मिळतात. घरची वीज ६० पौंड, बाहेरची ११२; महिन्याला ३३ धरले होते, ३८ येतायत. याच गतीने वर्षाला शंभरेक मैल जास्त होतील, जादा मैलाला ९ पेन्स. नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये एप्रिल २०२८ पासून इलेक्ट्रिक गाड्यांवर मैलामागे ३ पेन्स जाहीर झाले, म्हणजे लीजचे शेवटचे चार महिने तेही. मी एक ओळ वाढवली.

दुसरी ओळ ऑक्टोबरमध्येच वाढली होती. एका रिक्रूटरचा फोन आला. न्यूबरीत जागा, पगार ६०,०००, काम जवळपास हेच. चार हजार जास्त, हातात वर्षाला साधारण २,२०० पडले असते. मी फोन ठेवला आणि सवयीने एक्सेल उघडलं: राजीनाम्याचे ३,१२० फिटायला जवळजवळ दीड वर्ष, शिवाय दारात गाडी नाही. दोन दिवसांनी नको म्हणून कळवलं. गाडी हे एकच कारण नव्हतं, पण यादीत ती पहिली होती. ऑगस्ट २०२६ नंतर ही रक्कम १,५६० वर येते. तोवर ती ओळ लाल रंगात ठेवलीय.